स्तोत्राचं शेवटचं वचन

उमरग्याच्या त्या ख्रिस्ती मंडळीत रीतच होती. दर गुरुवारी घरप्रार्थना आळीपाळीनं एकेकाच्या घरी, आणि ज्याचं घर त्यानंच पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचून चार शब्द मनन सांगायचं. या गुरुवारी पाळी धुरपताबाईची. आणि पाळकसाहेबांनी नेमून दिलं काय, तर स्तोत्रसंहितेतलं अगदी शेवटचं स्तोत्र! सगळी नुसती स्तुती. शिंग वाजवा, डफ वाजवा, झांजा वाजवा.

"वाजवा म्हणं!" बाई सकाळपासून घरभर भिरभिरत होती. चहात साखर दोनदा पडली, दूध उतू गेलं. बारा वर्षं खडी क्रशरवर धूळ खाऊन तिच्या नवऱ्याची, बब्रुवानची, छाती पार निकामी झालेली. मधल्या खोलीत तो उशीला टेकून बसायचा, नाकात ऑक्सिजनची नळी. दोन शब्द बोलला की धाप लागायची. एके काळी चर्चमध्ये ह्याच गड्याचा डफ घुमायचा. आता डफ खुंटीला. असल्या घरात स्तुती करायची तरी कुठल्या तोंडानं?

त्यात ते शेवटचं वचन. ज्याच्यात श्वास आहे, त्यानं देवाची स्तुती करावी. ते तर बाईच्या जिव्हारी लागलं.

"अन् ज्याचा श्वासच देवानं हिसकून घेतला, त्यानं काय करावं? ते कुठं लिवलंय?" तिनं सुनेला विचारलं. "म्या ते वचन वाचणार न्हाय."

"आत्या, लोकं काय म्हणतील?" करिश्मा घाबरली.

"म्हणू दे. लोकांच्या तोंडाला काय झाकण बसवता येतंय?"

संध्याकाळी सतरंजीवर वीसेक माणसं दाटीवाटीनं बसली. गाणं झालं. बाईनं वाचायला घेतलं, झांजांपर्यंत आली आणि शास्त्र मिटलं. स्तोत्र सगळ्यांना तोंडपाठ.

शेजारच्या सिताबाईनं कोपरानं ढोसलं. "बाई, एक ऱ्हायलं."

"ऱ्हाऊ दे."

तेवढ्यात मधल्या खोलीतून आवाज आला. "ज्याच्यात..." आणि खोकल्याची उबळ.

बाई धावत आत गेली. "अहो, गप बसा की! धाप लागंल!"

बब्रुवाननं हात वर केला, थांब म्हणून. "श्वास..." ओठ काळेनिळे पडायला लागले, छाती भात्यागत वरखाली. "हाय..." पण गडी थांबेना. चाळीस वर्षांचा संसार. पुरं केल्याबिगर हा माणूस सोडायचा नाही, हे तिला पक्कं ठाऊक. तिला देवाचा राग आला, नवऱ्याचा आला, ते वचन लिहिणाऱ्याचाही आला. आता त्याला गप्प करायचा एकच उपाय उरला होता.

"थांबा! म्या म्हणते," ती रडत ओरडली आणि त्याच्या छातीवर हात ठेवला. "ज्याच्यात श्वास हाय, त्यानं देवाची स्तुती करावी. झालं? आता गुमान श्वास घ्या तुमी."

त्यानं मान हलवली आणि डोळे मिटले. बाहेर सगळे "आमेन" म्हणाले. बाई म्हणाली नाही. हाताखालची छाती पुन्हा कधी वर येते, तेच ती बघत होती.