फटाकडीच्या गोळ्यांची बाटली

मित्रांनो, मी एक तपकिरी रंगाची जुनी बाटली आहे. आज माझे पोट रिकामे आहे, पण एके काळी त्यात जीवनसत्त्वाच्या गोळ्या होत्या. कारखान्यात त्या पोटात पडल्या तेव्हा मला इतक्या गुदगुल्या झाल्या, की झाकण बसेपर्यंत मी खुळखुळत होते.

डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी दाखवून एका आईने मला औषधाच्या दुकानातून घरी नेले. तिची मुलगी तिसरीत होती. घरात तिला सगळे फटाकडी म्हणत. तिचे डोळे आपोआप मिचमिचत, खांदा उडे आणि घशातून 'हुक्' असा आवाज निघे. ती हे मुद्दाम करत नसे. पण वर्गातली मुले तिची नक्कल करत. त्यामुळे हल्ली शाळेची वेळ झाली, की फटाकडीचे पोट दुखू लागे.

मला पाहून फटाकडीची मावशी म्हणाली, "ताई, बघच आता! आठवड्यात सगळं गायब!"

मीही फुशारले. पण गोळी घेतली, की आई आणि मावशी फटाकडीच्या तोंडाकडे टक लावून बसत. मग तर डोळे जास्तच मिचमिचत! आईचा चेहरा पडे आणि माझा तोरा उतरे.

शेवटी आई आम्हा दोघींना डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

"एकीच्या जागी दोन गोळ्या देऊ का?" आईने विचारले.

"अजिबात नाही. हिच्या रक्तात हे जीवनसत्त्व कमी होतं, म्हणून गोळी दिली. गोळीने डोळे मिचमिचायचे थांबतील की नाही, ते मलाही आत्ता सांगता येणार नाही. पण तुम्ही असं बघत बसू नका हो, बिचारी अवघडते."

"मग मुलांना काय सांगू?" फटाकडीने विचारले.

"खरं तेच सांग."

दुसऱ्या दिवशी आईला विचारून तिने मला शाळेत नेले. वर्गापुढे मला हातात धरून ती उभी राहिली. तिने मला खुळखुळवून सगळ्यांचे लक्ष वेधले.

"माझे डोळे आपोआप मिचमिचतात. ही गोळी ताकदीची आहे, जादूची नाही. तुम्ही हसलात की मला जास्त होतं."

पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "पण थांबवता कसं येत नाही?"

"तू पापणी न हलवता बसून दाखव!"

झाले! सगळा वर्गच डोळे ताणून बसला. कुणाच्या डोळ्यांतून पाणी आले, कुणी नाक मुरडले, आणि सगळ्यांत आधी हरल्या त्या वर्गाच्या बाई! हसून हसून वर्गाची मुरकुंडी वळली. फटाकडी तर पोट धरून हसली. मध्येच 'हुक्' झाले, पण कुणी वळूनही पाहिले नाही.

पुढे गोळ्या संपल्या. रक्त पुन्हा तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता पुरे." डोळे मिचमिचणे बरेच कमी झाले आहे, तरी परीक्षा आली की परत येते. ते माझ्यामुळे कमी झाले, वयामुळे की मैत्रिणींमुळे, मला ठाऊक नाही. फुकटची शाबासकी मला नको.

मित्रांनो, माझ्यासारखी बाटली आपल्या मनाने उघडू नका. गोळी किती घ्यायची, ते डॉक्टरांना ठरवू द्या. आणि एखाद्याचे डोळे मिचमिचले, तर बघत न बसता त्याला खेळायला बोलवा. ते तुम्ही कुणालाही न विचारता करू शकता.

ऐका! खालून मुली हाका मारत आहेत, "फटाकडे, ये ना लवकर, तुझ्यावर राज्य आहे!" आणि ती बघा, एक चप्पल पायात आणि एक हातात, जिन्यावरून सुटलीसुद्धा!