मदरबोर्डाचं माप

माझ्या बायकोची मुलगी मला मिस्त्री म्हणते. मी सुतार आहे, त्यामुळे हाक चुकीची म्हणता येत नाही. बायकोला मात्र ती खटकते. लग्नाला दीड वर्ष झालं तरी पोरीच्या तोंडून साधं 'काका' निघत नाही, म्हणून ती तिच्यावर डोळे वटारते. मी म्हणतो, असू दे गं, गिऱ्हाइकं तर मला याहून वाईट नावांनी हाका मारतात. बोलायला हे सोपं आहे. आत जे वाटायचं ते वाटतंच.

पोरीला घरात खारू म्हणतात. लहानपणी खारीसारखी प्रत्येक वस्तू कुठेतरी दडवून ठेवायची, म्हणून. आता सोळा वर्षांची झाली तरी खोड गेलेली नाही. स्वतःच्या हातानं गेमिंग कॉम्प्युटर जोडायचा असं तिनं ठरवलं आणि वर्षभर एकेक भाग आणून पलंगाखाली सारला. प्रोसेसर आला, मेमरी आली, पंखे आले, ग्राफिक्स कार्ड आलं. गाडं अडलं ते मदरबोर्डावर.

"म्हणजे नक्की काय असतं ते?" मी विचारलं.

"सगळे भाग ज्याच्यावर बसतात ना, तो. तो नसेल तर बाकी नुसतं सामान."

"म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा."

तिनं जरा विचार केला. "हं. चालेल."

त्या 'चालेल'वर मी दिवसभर खूश होतो. माणूस किती थोडक्यात भागवतो बघा.

पुढचं तर मला खरंच वाटेना. कॉम्प्युटरची पेटी दुकानातली पत्र्याची नको, लाकडाची हवी, आणि ती मी करून द्यावी, असं तिनं आपणहून सांगितलं. दीड वर्षात तिनं माझ्याकडे मागितलेली ही पहिली वस्तू. मी तिला कपाट करून दिलं होतं, टेबल करून दिलं होतं, पण ते मी माझ्या हौसेनं. कपाट अजून रिकामंच होतं. कपडे ती बॅगेतच ठेवायची.

"आणि वर हँडल हवं," ती म्हणाली. "भक्कम."

हँडल तर हँडल. मी तिच्याबरोबर दुकानात गेलो.

दुकान एका जिन्याखाली होतं, तिघं उभे राहिले की चौथ्यानं बाहेर थांबायचं एवढंच. चालवणाऱ्या बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि काउंटरवर दोन खोके ठेवले. एक मोठ्या बोर्डाचा, एक छोट्याचा.

"तुझा प्रोसेसर दोन्हींवर बसतो," त्या खारूला म्हणाल्या. "मोठ्यावर मेमरीला चार जागा आहेत, छोट्यावर दोनच. मोठ्यावर उद्या आणखी एखादं कार्ड लावता येईल, छोट्यावर एक लावलंस की संपलं. आणि मोठा स्वस्त पडतो."

"छोटा असून महाग?" मी मध्येच तोंड घातलं.

"तेवढ्याशा जागेत सगळं कोंबायचं म्हणजे काम जास्त ना, दादा."

हे मला पटलं. छोट्या खणांचे पैसे मीही जास्तच घेतो.

खारूनं छोट्या खोक्यावर बोट ठेवलं.

"अगं, दोन-तीन वर्षांनी काही वाढवावंसं वाटलं तर?" बाई म्हणाल्या.

"वाढवायचं नाहीये. न्यायला सोपा हवा."

"कुठे न्यायला?"

खारू खोका उलटून मागची बाजू वाचू लागली. मला वाटलं, नेत असेल मैत्रिणींकडे खेळायला. बाईंनीही फार ताणलं नाही. "शनिवारपर्यंत दोन्ही बाजूला ठेवते," म्हणाल्या. "पेटी होऊ दे, मग ठरव."

आता माझ्या मूर्खपणाबद्दल. खारूनं मला बोर्डाचं माप सांगितलं होतं, एका बाजूला सतरा सेंटिमीटर. पण मी तोंडी माप घेत नाही. गिऱ्हाईक सांगतं एक आणि भिंत निघते दुसरीच, हे या धंद्यात मी इतक्या वेळा भोगलंय की सख्ख्या भावानं माप सांगितलं तरी मी टेप काढतो. तशी इथेही काढली. खारू पलीकडे पंखे बघत होती आणि मी छोट्या बोर्डाचा सीलबंद खोका मापला. लांबी, रुंदी, मग खात्रीसाठी पुन्हा लांबी. बाई माझ्याकडे बघत होत्या. काही बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

चार दिवस दुसऱ्या कामांना हात लावला नाही. एका गिऱ्हाइकाचे तीन फोन आले, तिन्ही वेळा मी खोटं बोललो. कामातून उरलेल्या सागाच्या फळ्या होत्या, त्यांना रंधा मारून घेतला. खारूनं काढून दिलेल्या चित्राबरहुकूम हवेसाठी भोकं पाडली, मागे तारांसाठी खाच घेतली, कोपरे असे गोल केले की हात फिरवत राहावंसं वाटावं. हँडल चामड्याचं लावलं. गुरुवारी संध्याकाळी पेटी घरी आणून जमिनीवर ठेवली तेव्हा माझ्या नाकाचा शेंडा वर होता, हे कबूल करतो.

खारूनं बोर्डाच्या मापाचा पुठ्ठा कापून ठेवला होता. तो तिनं आत ठेवला. मोठ्या ताटात एकच बिस्कीट ठेवावं तसा तो दिसला. चारी बाजूंनी जागाच जागा.

"मिस्त्री, तुम्ही काय मापलंत?"

"खोका."

"खोका? अहो, आत फोम असतो! तारा असतात! बोर्ड एवढासा असतो!"

आणि ती हसायला लागली. आधी तोंडावर हात धरून, मग हात काढून, मग जमिनीवर बसूनच. या घरात तिला असं हसताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो. इतकी वर्षं रंधा धरलाय आणि माप चुकलं म्हणून एकीकडे कानशिलं तापली होती, आणि दुसरीकडे वाटत होतं, अजून दोन-चार पेट्या चुकवाव्यात.

तिची आई दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर असते. ती तेवढ्यात घरी आली. तिनं पेटी पाहिली, पुठ्ठा पाहिला, माझ्याकडे पाहिलं.

"मुद्दाम केलंत ना?"

"नाही गं, आईशप्पथ!"

तिला आजही ते पटलेलं नाही.

"यात मोठा बोर्ड बसेल की," मी म्हणालो. "मोठाच घे. वर स्वस्त."

खारूचं हसू मावळलं. "नको. छोटाच हवा. तुम्हाला पेटी पुन्हा करायला जमणार नसेल तर राहू दे, मी पत्र्याची घेईन."

माझं डोकं फिरलं. पेटी पुन्हा करायला माझी ना नव्हती, एकाच्या जागी पाच केल्या असत्या. पण ते 'राहू दे' मला झोंबलं.

"अगं पण न्यायचाय कुठे तुला? कुठे न्यायचाय, सांग तरी!"

आवाज माझ्या मनात होता त्यापेक्षा मोठा लागला. बायको पर्स खांद्यावर तशीच ठेवून दारात उभी राहिली. खारू पुठ्ठ्याचा कोपरा दुमडत होती.

"बाबांच्या घरातून निघालो तेव्हा सायकल राहिली," ती म्हणाली. "मावशीकडून निघालो तेव्हा टेबल. मामाकडून निघालो तेव्हा फिशटँक राहिला. गाडीत जागा नाही, मग मागवून घेऊ, म्हणाले सगळे. मासे मेले ते मला कुणी सांगितलंसुद्धा नाही. मोठं असलं की मागे राहतं. म्हणून मला छोटा हवाय. बॅगेसारखा उचलला आणि निघालं."

ती रडत नव्हती. बसचं वेळापत्रक सांगावं तसं सांगत होती, आणि तेच मला सहन होईना. मला त्या सगळ्या मोठ्या माणसांचा राग आला, गाडीत जागा नाही म्हणणाऱ्यांचा. मग लक्षात आलं की तिच्या हिशेबी त्या रांगेत पुढचा मीच आहे.

मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. गुडघे कुरकुरले.

"इथून तुम्हाला कुठे जावं लागणार नाही," मी म्हणालो.

"मामापण असंच म्हणाला होता."

म्हणाला असेलच तो. मी पेटीच्या कडेवरून अंगठा फिरवत बसलो. शपथा घेऊन उपयोग नव्हता. एक तर मघाशीच घेतली होती आणि ती कुणाला पटली नव्हती.

"बरं," मी म्हणालो. "धर, जावं लागलं. मग मला सांगायचं. ही पेटी मी खाली नेईन. टेबल नेईन. कपाटाच्या फळ्या सुट्या करून नेईन, मीच जोडलंय, मलाच सोडवता येतं. गाडी मोठी बोलवू. सगळं चढवलं की मीपण चढेन."

"तुम्ही कशाला?"

"सामान पोचवायला. आणि पोचल्यावर राहायला."

तिनं आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आवाज अगदी खाली आला.

"तुमचं आणि आईचं भांडण झालं म्हणून जायचं असेल, तर?"

दारातून काही उत्तर येईल म्हणून मी थांबलो. एरवी प्रत्येक गोष्टीवर जिचं मत तयार असतं ती माझी बायको पर्सचा पट्टा धरून माझ्याकडेच बघत होती.

"भांडण तिच्याशी होईल," मी म्हणालो. "तुझ्याशी माझं काय भांडण आहे? तिनं गाडीत घेतलं नाही तर मागून सायकलवर येईन."

खारूनं पुठ्ठा पेटीतून काढला. हात आत घालून एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत वितीनं जागा मोजली. मग दोन्ही हातांनी पेटी उचलून पाहिली आणि खाली ठेवली.

"कार्ड बसलं की जड होईल ही," ती म्हणाली.

"होईल."

"मोठाच घेऊ मग. उचलायला तुम्ही आहात ना."