पायथ्याचा तो, माथ्यावरचा मी

मी एक जुना तांबट पक्षी आहे. जिवंत नाही, पोटात कापूस भरून संग्रहालयाच्या खणात उताणा झोपवलेला. तरी मित्रांनो, माझा ताठा अजून गेलेला नाही.

आम्ही डोंगरमाथ्यावरच्या जंगलात राहायचो. वाळक्या फांदीला चोचीने भोक पाडून घरटे करायचो. पायथ्याच्या झाडीत आमचे चुलत भाऊ असत. तेही हिरवेच, गळाही पिवळाच. पण त्यांची हाक संथ, आमची घाईची. ते वर येत नसत आणि आम्ही खाली उतरत नसू.

एका वादळात मी मेलो आणि इथे आलो. आधी काचेच्या कपाटात माझे फार कौतुक झाले. मुले काचेला नाक लावून मला बघत. पुढे उजेडाने माझा गळा विटला, तेव्हा मला या खणात, पायथ्याच्या एका भावाशेजारी टाकले.

परवा संग्रहालयाचे प्रमुख खण आवरायला आले. त्यांची सूनही इथेच पक्ष्यांचा अभ्यास करते, तीही सोबत होती.

"हे दोन्ही एकच. हा विटका टाकून दे," ते म्हणाले.

विटका म्हणजे मी! रागाने माझा कापूससुद्धा तापला.

"बाबा, नीट बघू तरी."

"जन्म गेला माझा बघण्यात. चोच तीच, पोट तेच."

"पोटच बघत आलात तुम्ही!"

"घरी बोलतेस तेवढं पुरे नाही का गं?"

खरेच होते तिचे. इथे सगळ्यांना उताणेच ठेवतात, त्यामुळे पाठ कोण बघणार? तिने आम्हा दोघांना खिडकीशी नेऊन पालथे केले. भावाची पाठ नुसती हिरवी. माझ्या शेपटीच्या मुळाशी मात्र लालभडक ठिपका!

बाबांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला.

"मग, टाकू का हा?" सुनेने विचारले.

"हात तर लावून बघ!"

आता मला स्वतंत्र खण आहे. पण मित्रांनो, मला एवढ्यावर गप्प बसायचे नाही. उद्या कोणी माथ्यावरचे जंगल तोडायला निघाला आणि म्हणाला, "असेच पक्षी खाली आहेत की," तर त्याला ठणकावून सांगा, ते आम्ही नव्हे! आमची झाडे राहू द्या. त्यांच्या फांद्यांत आमची पिल्ले आहेत.