‘मंजूर’चा थोरला भाऊ

“अहो, हा बघा, नुसतं ‘रक्कम मि’ छापतो. पुढचं ‘ळाली’ गेलं कुठे?”

“जरा जोरात दाबा. नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं, रक्कम मी घेतली!”

“दाबतेच आहे की! आता काय टेबलावर चढून बसू त्याच्यावर?”

मित्रांनो, ही कुरकुर माझ्याबद्दल चालली होती, आणि तीही माझ्या तोंडावर. करणाऱ्या होत्या तीन नंबरच्या खिडकीवरच्या बाई, आणि त्यांना उत्तरे देत होते शेजारच्या खिडकीतले काका. मी एक जुना रबरी शिक्का आहे. विद्यापीठाच्या फी भरण्याच्या खिडकीत मी एकोणीस वर्षे काढली. माझ्या अंगावर दोनच शब्द आहेत, ‘रक्कम मिळाली’. त्यातलाही अर्धा आता झिजला आहे. पण झिजण्याचे मला एवढे दुःख नाही. माझे दुःख वेगळेच आहे आणि ते सांगायला थोडी लाज वाटते. मी आयुष्यभर एकाचा हेवा केला.

तो माझा धाकटा भाऊ. खरेच भाऊ. एका अरुंद गल्लीतल्या दुकानात, एकाच दिवशी, रबराच्या एकाच तुकड्यातून शिक्केवाल्याने आम्हा दोघांना कापले. आधी मी, मग तो. आमची अक्षरे उलटी कोरलेली होती. शिक्केवाल्याची बायको आम्हाला आरशासमोर धरून वाचायची आणि चूक सापडली की नवऱ्याला म्हणायची, “काना विसरलात, शुद्धीवर आहात ना?” मला चौकोनी लाकडावर चिकटवले. त्याला गोल लाकडावर. मला साधी लाकडी मूठ मिळाली. त्याला चकचकीत पितळी. त्याच्या अंगावर एकच शब्द होता, ‘मंजूर’.

तिथपासूनच सुरुवात झाली.

खिडकीवर आल्यावर मला निळी शाई मिळाली, त्याला हिरवी. कुणी पळवू नये म्हणून मला टेबलाच्या पायाला सुतळीने बांधले. त्याला कुलपाच्या खणात ठेवले आणि किल्ली बाईंच्या पर्समध्ये गेली. मी सकाळी दहापासून चारपर्यंत आपटला जात असे, शंभर वेळा, दोनशे वेळा. तो सत्रातून आठ-दहा दिवस बाहेर यायचा. ज्याला काम कमी, त्याचे अक्षर सुबक राहणारच! पण बाई म्हणायच्या, “बघा हा कसा छान उठतो, नाहीतर हा आमचा चौकोन्या.”

विद्यार्थ्यांचेही तसेच. पैसे भरून झाले आणि मी उमटलो की ते बिलाकडे अशा नजरेने बघत, जणू मीच त्यांचा खिसा कापला. एक मुलगा तर म्हणाला होता, “रक्कम मिळाली म्हणे! कुणाला मिळाली? आम्हाला तर नाही.” सगळी रांग हसली. माझा काय दोष सांगा. मात्र ‘मंजूर’ उमटला की मुले कागद वर धरत, फुंकर घालून शाई वाळवत, फोटो काढून घरी पाठवत. एका मुलीने तर त्याच्यावर ओठ टेकवले होते. तिच्या हनुवटीवर दिवसभर हिरवा डाग होता. मला आजवर कुणी नुसते बोटसुद्धा लावले नाही.

तुम्हाला वाटेल, ‘मंजूर’ म्हणजे विद्यार्थ्याच्या हातात पैसे. तसे नसते. मदतीचा अर्ज आधी बाईंकडे येतो. त्यावर आवक क्रमांक पडतो. मग तो वरच्या मजल्यावर समितीकडे जातो, पंधरा-वीस दिवस तिथे पडून राहतो आणि खाली येतो. मग माझा भाऊ त्यावर उमटतो. मंजूर झालेले पैसे आधी सत्राच्या बिलातून वळते होतात. बिल फिटून काही उरलेच तर तेवढ्याची चिठ्ठी विद्यार्थ्याला मिळते. मदत पुरली नाही तर वरची रक्कम रोखीने भरावी लागते आणि तिथे पुन्हा मीच लागतो. म्हणजे भावाने आनंद वाटायचा आणि उरलेली वसुली मी करायची.

एकदा मात्र माझी इच्छा पुरी झाली. गर्दीत बाईंनी घाईने मला उचलले आणि अजून समितीकडे जायच्या असलेल्या मदतीच्या अर्जावर, अगदी भावाच्या जागी, हाणले. केवढा आनंद झाला मला! पण अर्ज वर गेला तेव्हा समितीने वाचले ‘रक्कम मिळाली’, आणि ठरवले की या मुलाने फी भरलेली दिसते, मग मदत कशाला? त्याचे नाव यादीतून गेले. मुलगा रडवेला होऊन खिडकीशी आला. बाईंनी तीन दिवस जिने चढून ते निस्तरले. चौथ्या दिवशी माझ्या मुठीला लाल दोरा गुंडाळला गेला, पुन्हा चुकून हात पडू नये म्हणून. तेव्हापासून भावाच्या हिरव्या रंगाकडे बघवेना.

हे सगळे मनात घोळत असतानाच माझ्यासारखीच एक भेटली. जाळीच्या पलीकडे.

तिला सगळे ‘नगदी’ म्हणत. दोघी बहिणी होत्या. ही थोरली. पहिल्या वर्षी तिच्या अर्जावर माझा भाऊच उमटला होता, तेव्हा ती अशी हसली की काकांनीही मान वर करून पाहिले. दुसऱ्या वर्षी धाकटी बहीण विद्यापीठात आली आणि त्या सत्रापासून थोरलीचा अर्ज नामंजूर होऊ लागला. धाकटीचा मात्र दर वेळी मंजूर. मैत्रिणी धाकटीला ‘मंजूरबाई’ म्हणायच्या. थोरली पहाटे बेकरीत ट्रे घासायची, दुपारी ग्रंथालयात पुस्तके लावायची आणि दर सत्राचे बिल तीन हप्त्यांत रोख आणून द्यायची. तिच्या नोटांना पावाचा वास असे. मी तिच्या बिलावर मन लावून उमटायचो. पण तिचे लक्ष माझ्याकडे नसायचे. ती मागे उभ्या असलेल्या धाकटीच्या हातातला हिरवा गोल बघायची. मला कळायचे ते बघणे. मीही तिकडेच बघत असायचो.

दर सत्राला ती बाईंना एकच विचारी. “या वेळी किती मार्क कमी पडले?”

बाई वहीची पाने बोट ओले करून उलटत आणि म्हणत, “थोडक्यात गेलं गं.”

ती मान हलवी आणि पुढच्या सत्रात आणखी मार्क आणी. आणि बाई पुन्हा म्हणत, थोडक्यात गेलं.

मित्रांनो, मी टेबलाला बांधलेला असल्यामुळे मला खरे माहीत होते. दोघींच्या अर्जांना आईची सही आणि आईच्या उत्पन्नाचा दाखला लागे, म्हणून दोन्ही अर्ज आईच आणून देई. आई इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायची आणि कामावर जाता जाता खिडकीशी थांबायची. दुसऱ्या वर्षी ती पहिल्यांदाच दोन अर्ज घेऊन आली, तेव्हा बाईंनी टेबलाच्या काचेखाली लावलेल्या नियमावर बोट ठेवले. तो नियम अर्जावर छापलेला नव्हता. आत बसणाऱ्यांनाच दिसायचा.

“एका घरातून एकच चालतो, ताई.”

आईने दोन्ही अर्ज हातात धरले. बराच वेळ धरले. मागची रांग चुळबुळू लागली. मग तिने एक आत सरकवला आणि दुसऱ्याची घडी करून पिशवीत टाकली.

“थोरली खमकी आहे,” ती म्हणाली. “ती कुठूनही पैसे उभे करील. धाकटीला नाही जमायचं. फक्त एवढं करा बाई, थोरलीला हे सांगू नका. कळलं तर म्हणेल, मीच शिकायचं सोडते. ती तशीच आहे.”

“बरं,” बाई म्हणाल्या. शेजारी काका नोटा मोजत होते. त्यांनी मोजणे थांबवले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केले.

अशी चार सत्रे गेली. म्हणजे थोरलीचा जो अर्ज नामंजूर झाला म्हणत, तो त्या चार सत्रांत जाळीच्या आत आलाच नव्हता. बाईंना ते ठाऊक, काकांना ठाऊक, आईला ठाऊक. आणि जिचा तो अर्ज, ती मात्र ग्रंथालयाच्या शिडीवर उभी राहून, आपण थोडक्यात कमी पडतो, असे मानून पुस्तके वाचत होती. खमके असण्याची ही अशी शिक्षा असते. जो न कुरकुरता उठतो, त्यालाच पुन्हा आपटतात. मला विचारा.

शेवटच्या सत्राच्या शेवटच्या हप्त्याचा दिवस उजाडला. चार वाजता खिडकी बंद होणार होती. त्याआधी बिल पुरे झाले नाही तर परीक्षेच्या यादीतून नाव कमी, आणि तीन वर्षे पाण्यात. आधीच सांगून टाकतो, चार वाजायच्या आत मी तिच्या बिलावर उमटलो, आणि ‘ळाली’सकट उमटलो. नाहीतर तुम्ही जीव मुठीत धरून बसाल आणि खरी गोष्ट ऐकायची राहून जाईल.

साडेतीनला थोरली आली. बेकरीची भट्टी आठवडाभर बंद होती, पगार अडकला होता. अठराशे कमी पडत होते. तिच्यामागे धाकटी होती, तिला उरलेल्या रकमेची चिठ्ठी घ्यायची होती. दोन हजार चाळीस. आई बाकावर बसली होती, कामाच्या कपड्यांतच, मांडीवर पिशवी धरून.

“सोमवारी देते, बाई. दोन दिवस थांबता येणार नाही का?”

“माझ्या हातात असतं तर थांबले नसते का गं?”

धाकटीने मागून आपली चिठ्ठी जाळीखाली सरकवली. “बाई, यातून ताईचं घ्या.”

थोरलीने ती चिठ्ठी दोन बोटांनी उचलून परत तिच्या हातात दिली. “नको. मार्क तुझे, पैसे तुझे.”

“ताई, असं काय गं करतेस?”

“कसं करते? मंजूर माणसांनी नामंजूर माणसांना दान करायचं, मग फोटो काढायचा. तसं मला नको.”

“मी कधी फोटो दाखवला तुला?”

“मला नाही दाखवलास. गल्लीभर दाखवलास.”

धाकटीचे डोळे भरले. ती म्हणाली, “मग काय नाव कापून घेणार आहेस? माझ्यावरच्या रागापायी?”

“राग नाही.” थोरली थांबली. “राग असता तर बरं झालं असतं.”

मित्रांनो, तो न उच्चारलेला शब्द मी ओळखला. एकोणीस वर्षे तोच तर शाईबरोबर माझ्या अंगाला चिकटलेला आहे. आणि त्या क्षणी मला पहिल्यांदा माझी लाज वाटली. मी ज्याचा हेवा करत होतो, तो बिचारा अंधाऱ्या खणात पडून असतो. बाहेर कधी यायचे आणि कुणावर उमटायचे, हे तो थोडाच ठरवतो? धाकटीनेही काही ठरवलेले नव्हते. ठरवणारे वेगळेच होते आणि ते सगळे गप्प होते.

तेव्हा माझी एक विनंती ऐका. शिक्का वापरून झाला की त्याचे तोंड ओल्या फडक्याने पुसत जा आणि शाईच्या डबीचे झाकण लावत जा. शाई साचून वाळली की अक्षरे बुजतात. मग कितीही जोरात दाबा, अर्धेच उमटते. आणि घरात जो न सांगता राबतो, त्याला अधूनमधून विचारत जा, की बाबा रे, तुला काय वाटते. तो म्हणेल, काही नाही. तरी विचारत जा.

भिंतीवरचा काटा पावणेचारवर गेला. थोरली जाळीला अगदी चिकटून उभी राहिली.

“बाई, हे माझं शेवटचं सत्र. आता तरी नीट सांगा. किती कमी पडले होते मला? एक मार्क? अर्धा? मी दर वेळी तेवढं वाढवून आले. मला फक्त आकडा हवा. म्हणजे मला कळेल मी किती कमी आहे.”

बाईंनी वही उघडली. बोट ओले केले. पान उलटले नाही. ‘थोडक्यात’ हा शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आलेला मी पाहिला आणि तिथेच अडकलेला पाहिला. त्यांनी काकांकडे पाहिले. काकांनी कधी नव्हे ते पंख्याकडे पाहिले. धाकटी एकदा बाईंकडे, एकदा बहिणीकडे बघत राहिली.

बाकावरून आई उठली. पिशवी तिथेच राहिली. ती रांग ओलांडून पुढे आली, धाकटीच्या हातातली चिठ्ठी घेतली आणि थोरलीच्या मुठीत कोंबून तिची बोटे एकेक करून मिटवली.

“घे. हे तिचं नाही, तुझंच आहे,” आई म्हणाली. “तू कुठेच कमी पडली नाहीस. तुझा अर्ज कुणी नामंजूर केला नाही, पोरी. मी तो दिलाच नव्हता.”