मी बोथट नव्हतो

मी वस्तरा बोलतोय. हौस नाही बोलायची. ती कात्री दिवसभर वटवट करते, तिला नाही विचारलंत. मलाच उठवलंत. बरं, ऐका. मध्ये बोलायचं नाही.

मी पोलादाचा. मूठ शिंगाची, एका बाजूने तडकलेली. धन्याने मला घेतलं तेव्हा त्याला नुकती मिसरूड फुटली होती. पहिली तीच उडवली.

त्याच आठवड्यात समोरचा घड्याळजी खुर्चीत बसला. त्याच्या गळ्यावर उलटा भोवरा, केस वर वळून उगवतात. भल्याभल्यांनी तिथे रक्त काढलेलं. धन्याने काढलं नाही. तेव्हापासून हा दर रविवारी येतो, मान मागे टाकतो आणि म्हणतो, "हं, काप गळा." चाळीस वर्षं एकच विनोद. धनी दर वेळी हसतो. मला एकदाही हसू आलं नाही.

पुढे धन्याचा हात थरथरायला लागला. बशीत चहा सांडायला लागला तेव्हा त्याच्या मुलीने बजावलं, "बाबा, ज्या दिवशी कुणाला कापाल, त्या दिवशी दुकान बंद. कबूल?"

"कबूल," धनी म्हणाला. नाही म्हणून सांगतो कुणाला.

आणि एका रविवारी, मुलगी डबा घेऊन दारात उभी असतानाच, घड्याळजीच्या गालावर बोटभर लाल रेघ उमटली.

"बाबा!"

धनी खाली बघत राहिला. घड्याळजीने गालावर तुरटी दाबली आणि उलट तिच्यावरच डाफरला, "त्याच्यावर काय ओरडतेस? हा वस्तरा बघ. बोथट मेला! ओढला की कापणारच. धार लाव रे याला आधी."

"खरंच, काका?"

"मग काय खोटं बोलतो? जन्म गेला माझा बारीक चाकं बघण्यात."

दुकान वाचलं. माझं नाव गेलं.

संध्याकाळी धन्याने धार लावायला चामड्याचा पट्टा काढला. त्याआधी सवयीने मला मनगटावर फिरवून बघितलं. केस अलगद उतरले. त्याने पट्टा परत खिळ्याला टांगला.

पुढच्या रविवारी घड्याळजी घरूनच दाढी करून आला! वर म्हणतो, "फेस लाव." धन्याने फेस लावला, बोटांना गाल गुळगुळीत लागला, समजला. मला उलटा धरून पाठीने फेस ओढला. आता इतरांचे तो नुसते केस कापतो, मशीनने. आणि रविवारी हे नाटक.

फक्त भोवऱ्यापाशी पाच-सात केस राहिलेले असतात. घड्याळजीला जमत नाहीत की मुद्दाम ठेवतो, कुणास ठाऊक. तेवढ्यासाठी धनी मला सुलटा करतो, एका हाताने दुसरं मनगट घट्ट धरतो, श्वास रोखतो. "हं, काप गळा." अजून एकदाही कापलं नाही.

माझं पातं झिजून अर्ध्यावर आलंय. उद्या कुठल्या डब्यात टाकलंत तरी तक्रार नाही. धन्याकडून काही नको. मुलीलाही सोडलं, तिला माहीत नव्हतं. पण ज्याला सगळं ठाऊक होतं, त्याने एकदा तरी "चुकलो" म्हणावं. मोठ्याने नको. मुलीच्या कानावर गेलं तर दुकान जाईल. मान मागे टाकलेली असते ना, तेव्हा हळूच, मला ऐकू येईल इतकंच. म्हणावं त्या घड्याळजीने.