बहिरी बाजू गिटारकडे

वहिनी एका कानात बोट घालून उकिडवी बसली की लोक हसतात. मीही वर्षानुवर्षं हसलोय. वाद्य कुठलंही असो, आधी माइक काढायचा नाही. आधी उघडा कान वाद्याजवळ न्यायचा, वर, खाली, मागे, आणि सूर जिथे भरून ऐकू येईल तिथे हवेत बोट धरून ठेवायचं. "एकच कान का गं?" असं मी एकदा विचारलं होतं. "माइकला दोन असतात का?" असं उत्तर मिळालं. दादा गेल्यापासून कार्यक्रमांच्या साउंडचा धंदा आम्ही दोघं चालवतो. गाडी, केबली आणि भांडणं माझ्याकडे, ऐकणं तिच्याकडे.

त्या दुपारी ती दाढ काढायला गेली होती आणि संध्याकाळच्या कार्यक्रमाच्या तयारीला सभागृहात मी एकटाच होतो. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. नवा माइक आणला होता, मुंगी चालली तरी ऐकेल असा, आणि तो वहिनीच्या नाकावर टिच्चून वापरायची संधी आयतीच चालून आली होती.

बासरीवाले मास्तर लेकीचा हात धरून आले. फुप्फुसांच्या आजारानं पाच महिने अंथरुणावर होते. साथीला गिटारवर लेकच होती. त्यांना स्टेजवर बसवून ती गिटार घ्यायच्या निमित्तानं माझ्यापाशी आली.

"काका, जरा सांभाळून घ्या. बाबांनी ठरवलंय, आज सूर लागला तर ठीक, नाहीतर बासरी कायमची बंद. डॉक्टरांनी परवानगी दिलीय हो, बाबाच स्वतःला देत नाहीत."

"काळजी सोड," मी म्हणालो. जीभ उचलून टाळ्याला लावायला माझं काय जातंय!

नवा माइक मी मास्तरांच्या ओठांपासून चार बोटांवर लावला. मास्तरांनी फुंकर घातली आणि सगळ्या सभागृहात दाराच्या फटीतून वारा घुसावा तसं सूं सूं सुरू झालं. नवशिक्यानंही अशा वेळी उठून माइक हलवला असता. मी बसल्या जागी मिक्सरवरचं बटण फिरवलं आणि आवाजाची वरची धार कापून टाकली. सूं सूं गेलं. त्याच्यासोबत बासरीही गेली. उशीखाली दाबल्यासारखी घुमायला लागली.

मास्तर थांबले. स्पीकरकडे बघितलं. तोच सूर पुन्हा लावला, पुन्हा ऐकला. मग बासरी मांडीवर घेऊन हळूहळू फडक्यात गुंडाळायला लागले.

"संपलं गं," ते लेकीला म्हणाले. "घरी वाटत होतं, जमेल. आता कळलं."

लेकीनं माझ्याकडे पाहिलं. आणि मी? मी मूग गिळून बसलो. वाटलं, बटण थोडं मागे घेऊ, कुणाला कळायचंही नाही.

तेवढ्यात वहिनी आली, गाल सुजलेला, तोंडात कापूस. तिनं मिक्सरकडे पाहिलं, मग मास्तरांच्या ओठांसमोरच्या माइककडे, मग माझ्याकडे. चारचौघांत माझी शोभा करायची तिला पुरेपूर संधी होती.

"भाऊजी," ती हळूच म्हणाली, "मास्तरांना तुम्ही सांगताय ना?"

मला तिचा असा राग आला म्हणता! पण गेलो. "मास्तर, सूर तुमचा गेला नाही. मी कापला. माइक चुकीच्या जागी लावला आणि चूक झाकायला बटण फिरवलं."

मास्तर कसंनुसं हसले. "तुम्ही भले आहात. समजूत घालताय."

हे मला फार लागलं. गप्प होतो तेव्हा माझं खोटं त्यांना पटलं होतं, आणि आता खरं बोलतोय तर पटत नव्हतं.

"स्पीकर बंद करा," वहिनी मला म्हणाली आणि मास्तरांसमोर उकिडवी बसली. कानात बोट. "मला एकटीला ऐकवा. दाढ दुखतेय, तेवढाच विसर पडेल."

दुखणाऱ्या माणसाला दुखणाऱ्यानं मागितलेलं नाकारता येत नाही. मास्तरांनी फडकं सोडलं. वहिनीचा कान ओठांजवळून सरकत बोटांकडे गेला, मग वर गेला. बोटांच्या हातभर वर, फुंकरीच्या वाटेतून बाहेर, तिनं तर्जनी धरली.

स्पीकर पुन्हा चालू करून त्या जागी आधी माझा नवा माइक लावला. त्यात गिटारच जास्त शिरली. मग सूचना द्यायचा दणकट माइक लावला, तर मास्तरांचा नाजूक खर्ज त्याला ऐकूच येईना. शेवटी तिनं लोकरी पिशवीतून तिचा जुना पट्टीचा माइक काढला. त्याच्या आत केसासारखी पातळ, धातूची पट्टी असते.

"वहिनी, बासरीला हा? एक फुंकर बसली की पट्टी फाटली!"

"फुंकर समोर जाते, भाऊजी. हा वर आहे."

हा माइक समोरून आणि मागून ऐकतो. दोन्ही बगलांनी ठार बहिरा. तिनं एक बहिरी बाजू गिटारकडे वळवली, स्टेजवरचा छोटा स्पीकर दुसऱ्या बहिऱ्या बाजूला नेला, आणि मला नुसता आवाज चढवायला सांगितलं.

मास्तर वाजवत होते. लेक शेवटच्या रांगेपर्यंत चालत गेली आणि तिथूनच ओरडली, "बाबा, हा तुमचा आवाज आहे! घरी येतो तोच!"

मास्तरांनी फडक्याची घडी घालून खिशात ठेवली, एवढंच. वीस वर्षं मी या बाईचं बोट हवेत बघतोय, पण त्या बोटाच्या टोकाशी काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. तिच्या पाया पडावंसं वाटलं. पडलो नाही, डोक्यावर बसली असती.

संध्याकाळी सभागृह भरलं. यादीत चार रचना होत्या. मास्तर मध्येच थांबून दम घेत होते आणि तो दमही ऐकू येत होता, शेजारी बसलेल्या माणसाचा ऐकू येतो तेवढा. चौथी संपली. टाळ्या झाल्या. लेकीनं सुटकेचा श्वास सोडला आणि गिटार खाली ठेवायला लागली.

मास्तरांनी बासरी ओठांवरून काढलीच नव्हती. त्यांनी एक नवाच सूर धरला, आणि सोडेचनात.

लेक गोंधळून त्यांच्या बासरीशी वाकली. "बाबा, हे कोणतं?" तिची कुजबुज सगळ्या सभागृहानं ऐकली.

"मलाही अजून ठाऊक नाही," दम घेता घेता मास्तर म्हणाले. "तू ये मागून."