दुसऱ्या रविवारचे हात

“रेजाँमामा, बाबांची शिफ्ट बंद झाली तर हे शेअर चढतील की पडतील?”

प्रश्न अगदी नोएलीचा स्वतःचा म्हणता आला नसता. शुक्रवारी शाळेच्या कँटीनमध्ये तिच्या मैत्रिणींनी, यारा आणि किम्बर्लीने, पैज लावली होती, की मामांसमोर तू तोंड उघडूच शकणार नाहीस. तोंड उघडलं, आणि प्रश्न असा खणखणीत बाहेर पडला की जोस्लीनमामीच्या हातातला पिझ्झा वाटेतच थांबला आणि त्यावरच्या डबाबंद अळंब्या घरंगळून गालिच्यावर पडल्या.

मामांच्या तळघरात गुंतवणूक क्लब भरला होता. दर रविवारी बर्फावरच्या कर्लिंगचा खेळ आटोपला की ही मंडळी इथे जमत: मामा-मामी, दाताचे डॉक्टर त्रूदेल आणि नोएलीचे आई-बाबा. सगळ्यांनी दरमहा थोडे पैसे घालायचे आणि मामा सांगतील ते शेअर घ्यायचे. भिंतीवरच्या टीव्हीवर आज एका कंपनीची रेघ होती, जिन्यावरून कोणीतरी गडगडत खाली यावं तशी. मोटारींचे सुटे भाग बनवणारी कंपनी. तिच्या इथल्या, कॅनडातल्या विंडसरच्या कारखान्यात नोएलीचे बाबा, आर्माँ, सीटच्या चौकटी जोडत. अमेरिकेने आयातकर लावल्यापासून तिचा भाव कोसळला होता, आणि दुपारची शिफ्ट तिकडे अमेरिकेत, टेनेसीला हलवण्याचा विचार चालू असल्याचं कंपनीनेच पेपरात सांगितलं होतं. दुपारची शिफ्ट म्हणजे बाबांची.

“चांगला प्रश्न आहे,” मामा म्हणाले. वाईट प्रश्नांना ते नेहमी असंच म्हणत. मग त्यांनी बाजार म्हणजे काय, दूरचा पल्ला म्हणजे काय, लोक घाबरतात तेव्हाच शहाण्याने का घ्यावं, हे सगळं सांगितलं. माणूस म्हणून वाईट वाटणं वेगळं आणि भागधारक म्हणून बघणं वेगळं, हेही सांगितलं. भागधारक म्हणताना त्यांनी पोट आत घेतलं.

“म्हणजे चढतील,” नोएली म्हणाली.

“चढतील, पोरी. खर्च कमी झाला की चढतात. त्याला तू काय करणार नि मी काय करणार?”

नोएलीने त्यांच्या शर्टाकडे पाहिलं. खिशावर कॅनडाच्या झेंड्यातलं मेपलचं लाल पान शिवलेलं होतं. तसलंच पान दारावरच्या झेंड्यावर फडकत होतं, एखाद्या मोटारींच्या दुकानापुढे शोभावं एवढं मोठं. दोन महिन्यांपूर्वी मामांनी अमेरिकेच्या रागाने संत्र्याचा रस घरातून हद्दपार केला होता. फ्लोरिडाची संत्री विकता, लाज नाही वाटत, असं दुकानातल्या गल्ल्यावरच्या मुलीला सुनावून आले होते आणि ते सगळ्यांना तीनदा सांगून झालं होतं. तिकडची संत्री इकडे आली की देशाचा घात. इकडचा कारखाना तिकडे गेला की भाव वर. आणि हा माणूस मधोमध बसून सफरचंदाचा रस पीत होता, फार मोठा त्याग केल्यासारखा.

“काळजी करू नकोस, आर्माँ,” डॉक्टर त्रूदेल म्हणाले. “घरी बसलास तर पिझ्झा आम्ही पोचता करू.”

सगळे हसले. बाबा सगळ्यांत मोठ्याने हसले, आणि सगळे थांबल्यावरही थोडा वेळ हसत राहिले. नोएलीला ते हसू डॉक्टरांच्या विनोदाहून जास्त झोंबलं.

मग हे शेअर घ्यायचे म्हणून हात वर करायची वेळ आली. क्लबात एकाचा जरी हात खाली राहिला तर खरेदी नाही. शिवाय हात दोनदा वर व्हायला लागत: एकदा आज, मग आठवडाभर विचार, मग पुढच्या रविवारी पुन्हा. मागे कायदेशीर गांजाच्या एका कंपनीत सगळ्यांचे हात पोळले तेव्हा मामांनीच हा नियम काढला होता. त्या कंपनीचं नाव आता तळघरात कोणी काढत नसे.

नोएली बाबांच्या हाताकडे बघत होती. तो गुडघ्यावर होता. कर्लिंगमध्ये मामा कप्तान. गुळगुळीत दगड बर्फावरून कुठे न्यायचा ते टोकाला उभं राहून ओरडून सांगणार मामा, आणि त्या दगडापुढे वाकून, धापा टाकत, झाडूने बर्फ घासत पळणार बाबा. दगड बरोबर जागी पोचला की टाळ्या मामांना. नोएलीला आठवतंय तेव्हापासून हे असंच चाललं होतं. निदान आज तरी, तिला वाटलं, हा हात जड व्हावा. थोडा उशिरा वर जावा. एवढं तरी.

बाबांचा हात डॉक्टरांच्याही आधी वर गेला.

“शाब्बास,” मामा म्हणाले. मग ते नोएलीकडे वळले. “आणि गुरुवारी अठराची झालीस की पुढच्या रविवारपासून क्लबात तुझी जागा. माझ्याकडून भेट. प्रश्न विचारतेस, तर मतही दे.”

मामींनी टाळ्या वाजवल्या. नोएलीने मान डोलावली, कारण आईने तिला कोपर मारलं होतं.

परत जाताना गाडी बाबा चालवत होते. नदीपलीकडे, अमेरिकेत, डेट्रॉइटच्या इमारती नेहमीसारख्याच उभ्या होत्या. आई म्हणाली, चारचौघांत विचारायची काही गरज नव्हती, तो माझा भाऊ आहे. नोएली म्हणाली, म्हणूनच विचारलं.

“तुम्ही हात का वर केलात, बाबा?”

बाबांनी सिग्नल सुटायची वाट पाहिली.

“शिफ्ट जायची तर जाणारच. माझा हात खाली राहिला म्हणून यंत्रं थांबणार आहेत का? मग शिफ्टही गेली, शेअरही गेले, आणि रविवारही गेले.”

“पण सगळ्यांच्या आधी?”

“उशीर केला असता तर सगळे माझ्याकडे बघत बसले असते.”

यावर बोलण्यासारखं नोएलीकडे बरंच होतं. ते सगळं जिभेच्या टोकावर आलंही होतं. तेवढ्यात आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, “सांगून टाका ना तिला.”

“काय सांगून टाका?”

“ती जागा,” बाबा म्हणाले. “रेजाँची नाही. माझी आहे. दर महिन्याचे पैसे मला आता झेपतील असं वाटत नाही, म्हणून मी सोडतोय. तो म्हणाला, पोरीला मी दिली म्हणून सांगतो, तुला अवघड वाटायला नको. मी म्हटलं, ठीक आहे.” गाडी घरापुढे लागली, तरी त्यांनी इंजिन बंद केलं नाही. “तुझे सुट्टीतले पैसे आहेत, तुला जमेल. तू तिथे बसून शिकशील. माझ्यासारखं झाडत बसू नयेस.”

भेट. नोएलीला तो शब्द आठवला आणि तो म्हणतानाचा मामांचा चेहराही. दुसऱ्याची खुर्ची उचलून आपली म्हणून वाटणारा उदार माणूस. आणि त्याला ठीक आहे म्हणणारा हा दुसरा. दोघांपैकी कोणाचा जास्त राग यावा ते तिला ठरवता येईना. बाबांचे हात अजून स्टिअरिंगवर होते. बोटांच्या पेरांत चौकटींचं काळं तेल होतं. ते रविवारीही निघत नसे.

“म्हणजे पुढच्या रविवारचा दुसरा हात माझा,” ती हळू म्हणाली.

“हो.”

“तुमच्या जागी.”

“हो.”

आईने मागे वळून तिच्याकडे नीट पाहिलं. “नोए, त्याने शिफ्ट वाचणार नाही.”

“माहीत आहे.” नोएलीने पट्टा सोडला, दार उघडलं आणि एक पाय बाहेर ठेवून ती थांबली. “जागा मी घेतेय. रविवारी वेळेवर जाऊन बसणार आहे, पिझ्झाही खाणार आहे. हात मात्र वर करणार नाही. आणि बाबा, तुम्हीही तिथे यायचं आहे. सगळे कोणाकडे बघतात ते बघायला.”